तंतुकणिकेची वही

जून 2016 मध्ये दहावीचा निकाल घेऊन मी नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, तयारीसाठी लातूरला गेले. आज सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या शाळेत विज्ञान मराठीतून होतं, तिथे अकरावीपासून सगळं इंग्रजीतून. ट्यूशन एरियातल्या, म्हणजे खासगी शिकवण्यांच्या भागातल्या, एका वर्गात दीडशे मुलं. सर ‘आर्थ्रोपोडा, मोलस्का, एकायनोडर्माटा’ अशी प्राण्यांच्या गटांची नावं म्हणत फळा भरत जायचे. मी ते देवनागरीत उतरवून घ्यायचे आणि रात्री रूमवर घोकत बसायचे. सकाळी उठेपर्यंत त्यातलं निम्मं गेलेलं असायचं. नीटमध्ये 720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे, 180 पैकी 90 प्रश्न. एक उत्तर बरोबर आलं की चार गुण, चुकलं की एक वजा. पहिल्या मोठ्या टेस्टमध्ये मला 360 पैकी 96 मिळाले. विज्ञान हा माझा हातचा विषय होता, म्हणून फार लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत गावी आले आणि तडक आपल्या विज्ञानाच्या बाईंच्या घरी गेले. बाई फराळाचं करत होत्या. मी म्हटलं, “बाई, मला काहीच लक्षात राहत नाही.” त्यांनी हात धुतले, माझं एनसीईआरटीचं, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाचं, पुस्तक घेतलं, प्राण्यांच्या वर्गीकरणाचं पान काढलं आणि विचारलं, “संधिपाद म्हणजे कोण गं?”

“ज्यांच्या पायांना सांधे असतात ते. झुरळ, खेकडा, विंचू.”

“मग आर्थ्रोपोडा म्हणजे तरी दुसरं काय? आर्थ्रॉन म्हणजे सांधा, पोडा म्हणजे पाय. अगं, हे तुला आठवीपासून येतंय.”

त्या दुपारी आम्ही दोनशे पानी वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात इंग्रजी नाव, दुसऱ्यात त्याची फोड, तिसऱ्यात आपला मराठी शब्द. एकायनोडर्माटा म्हणजे काटेरी कातडीचे, आपले कंटकचर्मी. मोलस्का म्हणजे मऊ, आपले मृदुकाय. ॲनेलिडा म्हणजे कडी-कडीचे, आपले वलयी. पोरिफेरा म्हणजे छिद्रं बाळगणारे, आपले रंध्रीय. जिम्नोस्पर्म म्हणजे उघड्या बियांचे, आपले अनावृतबीजी. आणि पेशीला ऊर्जा पुरवणारा मायटोकाँड्रिया! ग्रीकमध्ये मायटॉस म्हणजे धागा आणि काँड्रिऑन म्हणजे दाणा. तंतुकणिका. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांच्याविषयी मला त्या क्षणी इतका आदर वाटला की डोळे भरून आले. हे शब्द आम्ही तीन वर्षं नुसते पाठ केले होते. प्रत्येकाच्या पोटात त्या त्या गोष्टीचं वर्णन भरून ठेवलंय, हे तेव्हा कळलं.

पुढची दीड वर्षं ती वही माझ्या उशाशी होती. अकरावीचे 22 आणि बारावीचे 16, असे एनसीईआरटीचे 38 धडे ओळ न् ओळ वाचायचे. अडला शब्द की तो वहीत जायचा. वनस्पतिशास्त्राला शाळेचा दुसराच उपयोग झाला. बाईंनी आम्हाला विहिरीजवळच्या जास्वंदीची फुलं ब्लेडने उभी चिरायला लावली होती. सगळ्या पुंकेसरांची मिळून झालेली एक नळी आणि तिच्यातून वर निघालेली कुक्षी मी बोटांनी सोडवून पाहिली होती. त्यामुळे ‘मोनाडेल्फस’, म्हणजे सगळे पुंकेसर एकत्र जुळलेलं, हा शब्द आला तेव्हा डोळ्यांसमोर फूलच आलं. मेसमध्ये भेंडीची भाजी असायची. चकतीतले पाच कप्पे आणि मधल्या अक्षाला धरून बसलेल्या बिया, म्हणजे ॲक्झाइल प्लॅसेंटेशन, बियांची अक्षाभोवतीची मांडणी. मटारची शेंग सोलली की मार्जिनल, म्हणजे कडेला धरलेल्या बिया. ताटातल्या भाजीने माझे गुण वाढवले, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

एकदा मात्र हीच पद्धत अंगाशी आली. शाळेत आम्ही ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ हे रक्तवाहिन्यांचे दोन प्रकार शिकलो होतो. नीला म्हटलं की निळं, अशुद्ध रक्त, असं डोक्यात पक्कं बसलेलं. टेस्टमध्ये फुप्फुसाकडून हृदयाकडे येणाऱ्या नीलेविषयी प्रश्न आला आणि मी चुकले. तिच्यातून ऑक्सिजनयुक्त रक्त येतं. हृदयाकडे रक्त आणते ती नीला, मग रक्त कसलंही असो. नावाचा अर्थ दारापर्यंत नेतो, आत काय आहे ते स्वतः जाऊन पाहावं लागतं. बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “वहीत लाल शाईने लिही.”

फॉर्म भरताना भाषेचा रकाना आला. 2017 पासून नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळू लागली होती. मी बराच विचार करून इंग्रजीच निवडली, कारण दोन वर्षांच्या सगळ्या टेस्ट इंग्रजीत झाल्या होत्या. पण मराठी माध्यमाच्या मुलामुलींना आठवीपासूनच दोन्ही शब्द शेजारी शेजारी का देत नाहीत, हा प्रश्न मला आजही छळतो. माझ्या रूमवरची एक हुशार मुलगी केवळ शब्दांना घाबरून पहिल्याच वर्षी गावी परत गेली.

6 मे 2018, रविवार, नीटचा दिवस. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस, पायात चप्पल, बाहेर मराठवाड्याचं ऊन आणि झाडाखाली उभे असलेले बाबा. मी जीवशास्त्र आधी सोडवलं आणि तासाभराच्या आत 90 प्रश्न संपवले. पानं उलटताना कुठेही घाबरले नाही. सगळी ओळखीची माणसं भेटत होती.

आज मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. डेंग्यूच्या दिवसांत नातेवाईक विचारतात, “मॅडम, पेशी किती कमी झाल्यात?” कोणत्या पेशी, त्या कशासाठी असतात, हे मी त्यांना रिपोर्टच्या कागदावर चित्र काढून सांगते. बाई फळ्यावर काढायच्या तसंच.

ती वही मी या सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. शेवटची अठरा पानं कोरी आहेत, ज्याला हवं त्याने त्यात भर घालावी. ‘नीला’ या शब्दाभोवती लाल शाईचा चौकोन आहे, तो तेवढा तसाच राहू द्यावा.