पीएचडीतला फिल्टर फाउंड्रीपर्यंत नेताना : माझा अनुभव

बेळगावात उद्यमबागेत नाहीतर मच्छेत कुठल्याही फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात जावा, रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या ओतीव भागांचा, ढीग दिसणारच. मशिनिंग झाल्यावर जॉबच्या आत स्लॅगचा, म्हणजे वितळलेल्या धातूतल्या मळीचा, कण सापडला की भट्टीपासूनचा सगळा खर्च पाण्यात. म्हणून मोल्डमध्ये (साच्यात) वितळलेलं लोखंड वाहायच्या वाटेवर, म्हणजे रनरवर, सिरॅमिक फोम फिल्टर बसवतात, चहाच्या गाळणीसारखाच, फक्त त्यातून 1,400 डिग्रीच्या आसपासचा लोखंडाचा रस जातो. माझी पीएचडी याच फिल्टरवर, सिलिकॉन कार्बाइडमध्ये ॲल्युमिना घालून. बेळगावात राहून हे बेळगावच्या फाउंड्रीत वापरलं जाऊ नये हे मला पटतच नव्हतं.

गाइड सर पेपर पाठवायच्या घाईत होते, मी म्हटलं सर आधी प्रोव्हिजनल पेटंट, म्हणजे पेटंटचा तात्पुरता अर्ज, टाकूया. जर्नलमध्ये एकदा छापून आलं की नावीन्य गेलं, मग पेटंटला आपलाच पेपर आडवा येतो. प्रोव्हिजनल टाकल्यावर पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला 12 महिने मिळतात, तेवढ्यात पेपरही निघतो. सरांना पटलं. अर्जदार कॉलेज होतं त्यामुळे फीमध्ये 80 टक्के सवलत मिळाली, ती शैक्षणिक संस्थांना 2021 पासून आहे.

पेटंट कॉलेजचं म्हटल्यावर मी काढणार असलेल्या कंपनीला ते वापरायचं लायसन्स लागणार, आणि इथं गाडी अडकली. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, कमिटीत कुणी म्हणे रॉयल्टी जास्त घ्या, कुणी म्हणे प्राध्यापकाने कंपनीत शेअर घेतलेलं चालतच नाही. शेवटी मी शिक्षण मंत्रालयाची 2019 ची इनोव्हेशन आणि स्टार्टअप पॉलिसी छापून नेली, त्यात प्राध्यापकाला स्टार्टअप काढता येतो आणि संशोधकाच्याच कंपनीला लायसन्स दिलं तर रॉयल्टी 4 टक्क्यांच्या वर नको असं लिहिलंय. तो कागद समोर ठेवल्यावरच चर्चा पुढं सरकली. तुम्ही जाताना हा कागद घेऊनच जावा.

कंपनीचं रजिस्ट्रेशन मात्र मी मुद्दाम थांबवलं. तेव्हा स्टार्टअप इंडियाच्या सीड फंडातून (नव्या कंपन्यांसाठीची सरकारी योजना) प्रोटोटाइपला 20 लाखांपर्यंत ग्रँट मिळायची पण अर्ज करताना कंपनी 2 वर्षांपेक्षा जुनी चालत नव्हती, मग लायसन्सच्या आधी घड्याळ कशाला चालू करायचं?

खरं काम भट्टीपाशी होतं. लॅबच्या छोट्या भट्टीत, म्हणजे मफल फर्नेसमध्ये, दोन-चार तुकडे सुंदर निघतात, पण मोठ्या भट्टीत, म्हणजे किल्नमध्ये, मधले चांगले आणि कोपऱ्यातले ठिसूळ. पद्धत अशी की पॉलियुरेथेनचा स्पंज सिरॅमिकच्या स्लरीत (पातळ लगद्यात) बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा, मग भट्टीत स्पंज जळून जातो आणि सिरॅमिकची जाळी उरते. तो स्पंज जळताना तापमान भराभर चढलं की आतला गॅस बाहेर पडताना जाळीलाच चिरा पाडतो, वरून बघितलं तर काहीच दिसत नाही. म्हणून तो टप्पा अगदी हळू चढवायला लागलो आणि कोपऱ्यात तापमान मोजायला वेगळी थर्मोकपल लावली.

पहिली पेटी घेऊन उद्यमबागेत गेलो तर तिथले फोरमन मामा रिपोर्ट बघेनातच. काळ्या कागदावर फिल्टर धरला, अंगठ्यानं कड दाबली, दोनदा झटकला. कागदावर बारीक पांढुरका चुरा पडला. "सर, ह्यो चुरा रसात गेला की माझं कास्टिंग गेलं न्हवं?" कॉम्प्रेशन स्ट्रेंथचा (दाब सोसायच्या ताकदीचा) आमचा आकडा उत्तम होता, पण कडेची भुकटी आम्ही कधी मोजलीच नव्हती, कारण पेपरमध्ये तसलं कुणी विचारत नाही. मग कडांना स्लरीचा वेगळा हात द्यायला सुरुवात केली आणि मामांची ती झटकायची टेस्ट आमच्या क्वालिटी शीटवर पहिल्या नंबरला लिहिली. माझ्या मते सगळ्या प्रवासातला सगळ्यात मोलाचा सल्ला तोच, आणि मामांनी तो फुकट दिला!

दुसऱ्यांदा पोअरिंग केलं तेव्हा रसाची पहिली धार पडल्यावर फिल्टर तडकला नाही. मामांनी मोल्ड फोडून फिल्टरचा अडकलेला तुकडा दाखवला, एका बाजूला स्लॅग साचलेला, पलीकडे स्वच्छ लोखंड.

आता इथल्या काही फाउंड्रीत ट्रायल चालू आहे आणि कोल्हापूरला शिरोलीतूनही विचारणा आलीय. फाउंड्रीवाले फक्त एकच विचारतात, दर महिन्याला सगळी पेटी सारखीच येणार का? त्यासाठी सध्या प्रत्येक बॅचचा कोपऱ्यातलाच तुकडा तोडून बघतोय, मधला नाही.