ब्रेक ऑइल बदललं आणि पेडल बसायला लागलं

माझी गाडी १९९९ ची माझदा मियाटा. दोन सीट, कापडी टप, १८०० सीसीचं इंजिन आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह. भारतात ही गाडी कंपनीने कधी विकली नाही. इकडे न्यू जर्सीत मात्र उन्हाळा सुरू झाला की दर दुसऱ्या गल्लीत एखादी टप उघडून उभी दिसते. माझ्या गाडीला एबीएस नाही, आणि पुढच्या सगळ्या भानगडीत त्याचा फायदाच झाला, कारण एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा अडकली असेल का ही एक शंका आधीच बाद झाली.

ब्रेक ऑइल बदलायचं कारण साधं होतं. टाकीतलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ या प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल मानकाप्रमाणे किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ती मर्यादा १५५ वर येते. घाटउतारावर सतत ब्रेक दाबत आलात तर कॅलिपरजवळ (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तेवढी उष्णता सहज तयार होते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं. माझ्या आधीच्या मालकाने ते किती वर्षं बदललं नव्हतं, देव जाणे.

काम जवळच्या एका गॅरेजला दिलं. पद्धत जुनीच: एक जण आत बसून पेडल पंप करणार, दुसरा चाकाजवळचं निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून जुनं ऑइल बाहेर काढणार. आत बसलेला पोरगा पेडल पार फ्लोअरपर्यंत हाणत होता, तेही भराभर. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही, कोल्हापुरातही असंच करताना पाहिलंय. गाडी घेऊन निघालो आणि पहिल्याच सिग्नलला पाय ब्रेकवर हलका टेकवून उभा होतो, तर पेडल आपलं हळूहळू खाली चाललंय. पाय उचलून परत दाबलं की वर. थोड्या वेळाने परत खाली.

गाडी परत नेली. त्यांनी पुन्हा चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली, ऑइल भरलं, आणि "जुन्या गाड्या अशाच असतात" म्हणून चावी हातात दिली. पेडल तसंच. मग मी गाडी घरासमोर उभी केली आणि दुसऱ्या गाडीने ऑफिसला जायला लागलो. ज्या गाडीचं पेडल बसतंय ती "जरा दुकानापर्यंत" म्हणूनसुद्धा काढायची नाही, यात मला वाद नको होता.

माझा मावसभाऊ कोल्हापुरात उद्यमनगरला गॅरेजलाईनमध्ये आहे. वयाने मोठा, दादाच म्हणतो मी त्याला. व्हिडिओ कॉल लावून त्याला पेडल दाखवलं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो गॅरेजमध्ये कुणी विचारला नव्हता.

"बसतंय म्हणजे कसं बसतंय? मऊ लागतंय, का खोल जाऊन कडक लागतंय, का कडक लागून मग उतरतंय?"

सगळी मेख या प्रश्नात आहे. बिघडलेलं पेडल तीन तऱ्हेचं असतं आणि तिन्हींची कारणं वेगळी. पाइपात हवा असेल तर पेडल स्पंजसारखं दबतं, कारण हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. दोनचार वेळा भराभर पंप केलं की ते वर येतं आणि कडक होतं. दुसरा प्रकार म्हणजे पेडल बरंच खोल जातं, पण एकदा लागलं की कडक लागतं आणि तिथेच राहतं. तिथे हवेचा दोष नसतो, पॅड आणि डिस्क यांच्यात फट जास्त असते. तिसरा प्रकार माझा: लागतं, पण दाब तसाच ठेवला तर हळूहळू उतरत जातं. बाहेर कुठे गळती नसताना असं होत असेल तर ऑइल आतल्या आत मागे पळतंय.

"आता जोरात हाणून बघ," दादा म्हणाला. जोरात दाबलं तर पेडल थांबलं, जागचं हललं नाही. परत हलका पाय ठेवला की उतरायला लागलं.

"सावकाश दाबल्यावर बसतंय अन् हाणल्यावर धरतंय. मग हवा न्हवं ते. मास्टरचं वायसर गेलंय."

हे का, ते नीट सांगतो. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप. त्यात एका नळीत एकामागे एक दोन पिस्टन असतात. एक पुढच्या चाकांचं ऑइल ढकलतो, दुसरा मागच्या. एक बाजू फुटली तरी दुसरी थोडाफार ब्रेक देते, त्यासाठी ही दोन पिस्टनांची रचना. प्रत्येक पिस्टनवर रबरी वायसर असतं, त्याची कड ओठासारखी बाहेर वळलेली. ऑइलचा दाब वाढला की हीच कड नळीच्या भिंतीवर घट्ट बसते. म्हणून जोरात दाबलं तर झिजलेली कडसुद्धा कशीबशी पकड घेते, आणि हलक्या दाबाला तिच्या शेजारून ऑइल निसटतं. थोडक्यात, टेस्ट ड्राइव्हला जोरात ब्रेक मारून "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्याला हा दोष कळतच नाही. तो कळतो सिग्नलला.

मग ऑइल बदलल्यावरच का व्हावं हे? रोजच्या वापरात पिस्टन नळीचा थोडासाच भाग वापरतो. पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला. ओल धरलेल्या ऑइलमुळे तिथे गंज आणि चिकट मळ साचतो. हवा काढताना पेडल फ्लोअरपर्यंत गेलं की वायसर पहिल्यांदाच त्या खरखरीत भागावरून घासत जातं आणि कड फाटते. यावर जुन्या मेकॅनिकांचा उपाय म्हणजे पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, म्हणजे पेडल तळाला टेकतच नाही. गॅरेजवाल्यांवर मी फार चिडलेलो नाही. पंचवीस वर्षांचं रबर होतं, आज ना उद्या गेलंच असतं. चिडायचं तर "अशाच असतात" या वाक्यावर.

पण दादाच्या शब्दावर एकदम नवा पंप मागवावा हे मला पटेना. मी आधी बाकीच्या शक्यता खोडायच्या ठरवल्या.

गळतीपासून सुरुवात केली. टाकीवर मार्कर पेनाने पातळीची रेघ मारून ठेवली. ती खाली गेली नाही. चारी चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या, पाइप कोरडे. मास्टरच्या मागच्या तोंडातून गळणारं ऑइल बूस्टरमध्ये (व्हॅक्यूमने पायाच्या दाबाला जोर देणारा डबा) जातं आणि बाहेर दिसत नाही. तिथली खूण म्हणजे मास्टरच्या खाली बूस्टरचा रंग फुगून सुटलेला असतो, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. तोही शाबूत होता.

बूस्टरची तपासणी मिनिटभराची. इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबून व्हॅक्यूम संपवायचा, पेडल दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठणठणीत. हे खाली जाणं आणि आमचं "बसणं" वेगळं: हे एकदाच होतं आणि थांबतं. कित्येक जण यालाच दोष समजून घाबरतात.

मग मागचे कॅलिपर. मियाटाच्या या पिढीत हँडब्रेक मागच्या डिस्कवरच लागतो आणि कॅलिपरच्या आत त्यासाठी ॲडजस्टर असतो. मागच्या बाजूचा १४ चा बोल्ट काढला की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीचं तोंड दिसतं. पॅड डिस्कला टेकेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवायचं आणि मग एक तृतीयांश फेरा उलटा. माझे दोन्ही बरेच सैल निघाले. ते लावल्यावर पेडल चांगलं वर आलं, हँडब्रेकही कमी दातांत लागायला लागला. क्षणभर वाटलं, जिंकलो. मग हलका पाय ठेवून बसलो, आणि पेडल निवांत उतरत गेलं. म्हणजे गाडीत दोन दोष होते आणि मला एकच बरा करता आला होता.

हवाही पुन्हा काढली, पण यावेळी पेडलला हात न लावता. टाकीच्या तोंडावर लावायचा दाबाचा डबा मिळतो, हाताने पंप मारून हलका दाब भरायचा आणि एकेक निपल उघडायचं. मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. इकडच्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं उजवं, आपल्याकडे मागचं डावं. पारदर्शक नळीत एक बुडबुडा दिसला नाही. निपलच्या तोंडाला लावून व्हॅक्यूमने ओढायचे पंपही असतात, पण माझा त्यांच्यावर विश्वास नाही. निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाते आणि माणूस तासभर नसलेले बुडबुडे काढत बसतो.

शेवटची परीक्षा दादाने सांगितली ती. मास्टरमधून जाणारे पाइप सोडवायचे आणि त्या भोकांत त्याच आट्याचे बंद प्लग घट्ट बसवायचे. मग चाकं, कॅलिपर, होज यांचा संबंधच संपतो. मास्टर चांगला असेल तर पेडल जागचं हलता कामा नये. काहीजण रबरी होज चिमट्याने दाबून हेच करतात. पंचवीस वर्षांच्या होजवर मी तो प्रयोग करणार नाही. पाइपचे नट सोडवायला मात्र साधा पाना नको. फ्लेअर नटचा, एका बाजूने उघडा असलेला रिंग पाना घ्या, नाहीतर नटाचे कोपरे मारले जातात आणि मग पाइपच नवा करत बसावं लागतं. खाली चिंध्या आणि शेजारी पाण्याची बाटली: थेंब रंगावर पडला की लगेच धुवायचा, नुसता पुसायचा नाही.

प्लग लावले, पाय ठेवला. उतरलं. दादा बरोबर होता.

आता नवीन घ्यायचा की किट टाकायचं यावर आमचं जुंपलं. दादाच्या मते नवा मास्टर म्हणजे पैशाची उधळपट्टी. सिलिंडरला होनिंग करायचं, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करायचं, नवी वायसरं टाकायची, झालं. बिडाच्या सिलिंडरला हे ठीक. माझा ॲल्युमिनियमचा होता, आणि त्यात नळीच्या आत ॲनोडायझिंगचा कडक थर असतो. होनिंगने तो थर गेला की खालचा मऊ धातू उघडा पडतो. मी नवा मागवला.

नवा मास्टर गाडीला लावण्याआधी टेबलावरच हवा काढून घ्यावी लागते. व्हाइसमध्ये आडवा धरायचा, बाहेर जाणाऱ्या भोकांना प्लास्टिकच्या नळ्या लावून त्यांची टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवायची, आणि बोथट स्क्रू ड्रायव्हरने पिस्टन सावकाश दाबत राहायचं. सुरुवातीला टाकी नुसती खदखदते. बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं नाही. हे टाळून थेट गाडीवर लावलात तर नंतर कितीही निपलं उघडा, मास्टरच्या पोटातली हवा निघता निघत नाही.

बसवताना एकच गोष्ट जपायची. बूस्टरमधून येणारा दांडा आणि पिस्टन यांच्यात किंचित फट हवी. फट फार असेल तर पेडल खोल जातं. अजिबात नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परतायचं भोक झाकलेलं राहतं आणि ब्रेक हळूहळू स्वतःच लागायला लागतात. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. मी जुन्या आणि नव्या मास्टरची खोली मोजून ताडून पाहिली, सारखी निघाली, म्हणून दांड्याला हात लावला नाही.

हवा काढायला शेवटी बायकोला पेडलवर बसवलं, खाली लाकडाचा ठोकळा ठेवून. नव्या मास्टरला त्याची गरज नव्हती, पण तोवर माझा त्या ठोकळ्यावर जीव जडला होता. "दाब" म्हटलं की दाबायचं, "धर" म्हटलं की धरायचं, आणि "सोड" म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, कारण निपल उघडं असताना पाय उचलला तर हवा उलट आत जाते. तिने हे माझ्यापेक्षा शिस्तीत केलं.

इंजिन चालू करून हलका पाय ठेवून बसलो, मिनिटभर. पेडल जागच्या जागी. मग घरासमोर पुढेमागे, मग जवळच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, आणि नंतरच रस्त्यावर. परत आल्यावर सगळे जोड कागदी टिश्यूने पुसून पाहिले, टिश्यू कोरडा. जुनं ऑइल वेगळ्या बाटलीत भरून काउंटीच्या घातक कचऱ्याच्या संकलनाला दिलं. इंजिन ऑइलमध्ये ते मिसळायचं नसतं.

जुना मास्टर मी उघडला. सर्क्लिप काढली, पिस्टन बाहेर आले. पहिल्या वायसरची कड एका बाजूला कुरतडल्यासारखी झाली होती. टॉर्च मारून नळीत पाहिलं तर जिथवर पिस्टनची रोजची येजा होती तिथवर ती चकचकीत, आणि त्याच्या पलीकडे तपकिरी डाग आणि बारीक खड्डे. दादाला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "इकडं येताना घेऊन ये तो, होनिंग करून बघू." ॲल्युमिनियमचा आहे, होनिंग करायचं नाही, हे त्याला सांगून झालंय. तो काही ऐकणार नाही.