गॅरेजचं शटर बदलताना आधी कडा बघा, जाडी नंतर

आमच्या नेरूळच्या रो हाऊसच्या गॅरेजचं शटर शेवटी बदलून झालं. ग्रुपवर बऱ्याच जणांनी काय घेतलं, मोटर टाकली का, जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा) की ॲल्युमिनियम असं विचारलंय, त्यामुळे सगळं एकदाच इथे लिहून टाकते, परत परत टाईप करायला नको.

जुनं शटर आधीच्या मालकांनी बसवलेलं. लांबून एकदम ठणठणीत दिसायचं, कारण दर दोन-तीन वर्षांनी त्यावर ऑईल पेंटचा हात फिरायचा. खालची पट्टी मात्र बघण्यासारखी झाली होती. रंगाचा पापुद्रा नखाने उचलला की आतून नुसता तांबडा भुगा, आणि उजव्या बाजूच्या गाईडच्या (पट्ट्या ज्यात वर-खाली सरकतात ती उभी खाच) तळाला, जिथे पावसाळाभर पाणी साचून राहतं, तिथे बोट आरपार जायचं. आमच्याकडची हवाच खारी. लोक खाडीकाठच्या डीपीएस तलावाला फ्लेमिंगोचे फोटो काढायला येतात आणि खूश होऊन जातात, आम्ही वर्षभर इथेच, ती खाडी आमच्या खिडक्यांचे ग्रिल, एसीचे स्टँड आणि शटर खात असते.

कोटेशन मागवली तर प्रत्येक जण गेज या एकाच विषयावर बोलतो. मॅडम आमचं अठरा गेज, समोरच्याचं वीस, तो तुम्हाला बावीस देऊन फसवेल वगैरे. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणजे अठरा गेज साधारण १.२ मिमी, वीस ०.९ च्या आसपास आणि बावीस ०.७. सरकारी कामांसाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत जे शटर धरलंय त्यात ८० मिमी रुंद आणि १.२५ मिमी जाड पट्ट्या आहेत, तेव्हा अठरा गेज मागण्यात चूक काहीच नाही, मागाच. पण तुमच्या घरात चोर पत्रा कापून शिरणार नाहीये. ग्राईंडर चालवला तर अख्खी गल्ली जागी होते.

चोर खरा कसा शिरतो हे तुर्भ्याच्या एका फॅब्रिकेटर काकांनी मला जागेवर दाखवलं. जुन्या शटरला दोन्ही बाजूंना खाली कुलपं होती, चांगल्यापैकी महागडी. काका म्हणाले, "ताई, कुलपं लावा आणि बाजूला उभ्या राहा." त्यांच्या पोऱ्याने मधोमध पट्टीखाली पहार घातली आणि नुसता भार दिला. दोन्ही टोकं कुलपाने धरलेली, त्यामुळे पट्टी मध्ये कमानीसारखी वर आली आणि वरच्या दोन पट्ट्यांची टोकं गाईडमधून सटकून बाहेर. बारकं पोर सरपटत आत जाईल एवढी फट, आणि आवाज म्हणाल तर शेजारच्या कुत्र्याने मानसुद्धा वर केली नाही. पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या दुकानाचं शटर उचकटून चोरी झाल्याची बातमी असते ना, ती बहुतेक वेळा अशीच होत असणार, कुलपं जिथल्या तिथे शाबूत.

मग आम्ही प्रश्नच बदलले. गाईड किती खोल आहे? पट्टी गाईडच्या आत जितकी जास्त जाईल तितकी वाकल्यावर बाहेर यायला वेळ लागतो, आम्ही तीन इंची घेतलं. पट्ट्यांच्या टोकांना एंड लॉक, म्हणजे पट्टी जागेवर धरणारे धातूचे तुकडे, आहेत का, आणि प्रत्येक पट्टीला की पैसे वाचवायला एक सोडून एक? हे एंड लॉक नसले की पट्ट्या आडव्या सरकतात आणि एका बाजूने गाईड सोडतात. खालच्या पट्टीला मागून अँगल आहे का, म्हणजे ती मध्ये वाकणार नाही. कुलूप मध्ये कुठे बसतं? सेंटर लॉक म्हणून जे मिळतं त्यात मध्ये चावी फिरवली की दोन्ही बाजूंना दांडे गाईडमध्ये जातात, छान आहे, पण पट्टीचा मध्य जमिनीला बांधला जात नाही. त्यामुळे काकांनी लादीत एक खोबण करून तिथे वेगळं फ्लोअर लॉक दिलं. दिसायला काहीच नाही, अख्ख्या कामातली सगळ्यात स्वस्त वस्तू असेल, पण पहारेला उत्तर तेच आहे.

आणि गाईड भिंतीला कसं धरलंय हे तर कोणीच विचारत नाही! आमच्या लाईनमध्ये जाता-येता मी बघत असते, निम्म्या घरांत आतली जागा वाचवायला शटर बाहेरच्या बाजूने लावलंय, म्हणजे गाईडचे नट-बोल्ट रस्त्यावर उघडे. कुलपाकडे बघायचीसुद्धा गरज नाही, पाना आणला की झालं. आतून बसवा. आणि फास्टनर आरसीसी कॉलममध्ये गेला पाहिजे, जुन्या विटांच्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू मारले तर एका हिसक्यात प्लास्टरसकट हातात येतात. आमच्याकडे एका बाजूला कॉलम नव्हता, तिथे आरपार बोल्ट घेऊन मागे प्लेट टाकली.

मटेरियलबद्दल थोडक्यात. खाडीजवळ राहत असाल तर साध्या एमएस (नुसत्या लोखंडी) पत्र्याचा विचार सोडा, जीआय घ्या, आणि झिंकचा म्हणजे जस्ताचा थर किती जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) आहे ते बिलावर लिहून घ्या, १२० आणि २७५ दोन्हीला दुकानदार जीआयच म्हणतो. वेल्डिंग केलं की तिथलं झिंक जळून जातं, म्हणून जिथे जिथे वेल्डिंग होईल तिथे लगेच झिंकचा प्रायमर मारून घ्यायचा, रंगारी येईल तेव्हा मारेल असं नाही. ॲल्युमिनियमला तांबेरा येत नाही हे खरं, पण पोकळ पातळ पट्ट्यांची शटरं हाताने दाबली तरी दबतात. उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार काढून घ्या, आमचं जुनं गाईड सडलं ते पाणी उभं राहिल्यामुळेच.

नवऱ्याला ते परदेशी सेक्शनल डोअर हवं होतं, मोठ्या पॅनेलचं, वर जाऊन छताखाली आडवं झोपतं ते. दिसतं झकास. पण त्याला आत छताखाली सलग मोकळी जागा लागते आणि आमच्याकडे तिथे बीम आणि माळा, माळ्यावर सासूबाईंची पिंपं. विषय संपला. पूर्ण पत्रा एकसंध बाहेर झुलून वर जाणारा प्रकारही असतो, तो तर आमच्या गल्लीत उघडला की समोरच्यांच्या स्कूटरवरच जाईल.

मोटर घेतली. बाबांच्या म्हणजे सासऱ्यांच्या खांद्याचं दुखणं आहे, वाकून शटर उचलणं त्यांना जमत नाही, नाहीतर मी घेतली नसती, बिल दुपटीच्या पुढे गेलं. मोटर म्हणजे कुलूप नव्हे हे आधी समजून घ्या. बंद असताना ब्रेक नीट धरतो का, खालून हाताने जोर लावून शटर वर ढकललं जातं का ते करून बघा. आणि मोटरच्या शटरला आतून हाताची कडी लावत असाल तर जपून, कडी लावलेली विसरून कोणी रिमोट दाबला की एकतर पट्ट्या मुडपतात नाहीतर मोटर जळते. आमच्या फ्लोअर लॉकला म्हणून एक छोटा स्विच जोडलाय, लॉक लागलेलं असेल तर मोटरला करंटच जात नाही. लाईट गेल्यावर काय हेही आधीच ठरवा. हाताने फिरवायचं हँडल आतल्या बाजूला असतं, म्हणजे गॅरेजला दुसरा दरवाजा नसेल तर तुम्ही बाहेर आणि हँडल आत. अशांनी बॅटरी बॅकअप घ्याच. खाली सेन्सरही घ्या, मूल किंवा मांजर मध्ये आलं की शटर थांबतं. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेजच्या मोटरला असलं संरक्षण कायद्यानेच सक्तीचं आहे, आपल्याकडे तो जास्तीचा पार्ट म्हणून वेगळा विकतात.

रिमोट घेताना एकच विचारा, रोलिंग कोड आहे का. फिक्स कोडचा रिमोट प्रत्येक वेळी तोच सिग्नल पाठवतो. २०१५ मध्ये सॅमी कामकार नावाच्या अमेरिकन हॅकरने मुलांचं एक मेसेज पाठवायचं खेळणं घेऊन, त्यात थोडे बदल करून, असली फिक्स कोडची गॅरेजं काही सेकंदांत उघडून दाखवली होती. रोलिंग कोडमध्ये दर वेळी कोड बदलतो. अर्थात एवढं सगळं करून रिमोट गाडीच्या सन व्हायझरला अडकवून गाडी रात्री रस्त्यावर लावायची असेल तर राहू द्या, काच फोडली की घराची चावी मिळाली. आमच्याकडे तो किल्ल्यांच्या जुडग्यातच असतो.

गॅरेजमधून घरात जाणारा जो आतला दरवाजा असतो ना, त्याच्याकडे मात्र अवश्य बघा. आमचा पोकळ फ्लश डोअर होता, आणि त्याला बाथरूमला लावतात तसली चिमुकली कडी. आता विचार करा, चोर एकदा शटरच्या आत आला की शटर मागून ओढून घेतो, रस्त्यावरून काही दिसत नाही, आणि गॅरेजमध्ये त्याच्यासाठी शिडी, ड्रिल, पाने, हातोडी सगळं आपणच मांडून ठेवलेलं. हवं तितका वेळ घेऊन दरवाजा फोडेल. शटरच्या बजेटमधून पैसे काढून आम्ही तो भरीव लाकडाचा केला, मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत बसणारं कुलूप) टाकलं, आणि शिडीला भिंतीत साखळी. मला विचाराल तर पैसे कमी असतील तर शटर वीस गेजचं घ्या पण हा दरवाजा आधी करा.

देखभाल फार नाही. गाईडमध्ये ग्रीस भरू नका, धूळ धरून त्याचा चिखल होतो आणि मग शटर अडकत अडकत चालतं. पाऊस संपला की एकदा गोड्या पाण्याने गाईड आणि खालची पट्टी धुवायची, सुकली की सिलिकॉन स्प्रे. बाबांचा अजून खोबरेल तेलावर विश्वास आहे, त्यामुळे स्प्रेचा डबा मी त्यांना दिसेल असा ठेवलाय आणि खोबरेलची बाटली लपवलीये.