ब्लेरिओ ११ चा लॉग: वळणं जमली, आता खाडी

मंडळी, बरेच दिवस अपडेट दिला नव्हता, पण आता सांगण्यासारखं आहे. ब्लेरिओ ११, म्हणजे लुई ब्लेरिओचं जुनं विमान, मी सिममध्ये (फ्लाइट सिम्युलेटर, कॉम्प्युटरवर विमान उडवायचा प्रोग्राम) उडवतोय, ते आता सरळ तर उडतंच, पण दोन्ही बाजूंना नीट वळतंय आणि वळण संपल्यावर पुन्हा सरळही होतंय. ज्यांनी हे विमान सिममध्ये कधी उडवलंय त्यांना कळेल की हे केवढं मोठं काम आहे ते.

माझ्याकडचं मॉडेल १९०९ चं आहे, तीन सिलेंडरचं आन्झानी इंजिन, ताकद साधारण २५ हॉर्सपॉवर. पंखांना एलेरॉन (विमान झुकवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नाहीत, स्टिक (हातातली दांडी) डावी-उजवीकडे केली की तारा ओढल्या जातात आणि अख्खा पंखच पिळला जातो, म्हणजे विंग वार्पिंग. खरी गंमत इथेच आहे, कारण ज्या पंखाची मागची कड खाली येते तो वर उचलला तर जातो, पण त्याच्यावर ड्रॅगही (हवेचा विरोध) वाढतो आणि विमानाचं नाक नेमकं उलट्या बाजूला जातं. आधुनिक विमानात पण हे होतंच, पण तिथे ते थोडंसं असतं, इथे मात्र नुसत्या स्टिकने वळायला गेलं तर नाक एकीकडे, झुकाव दुसरीकडे आणि विमान तिरकं घसरत खाली.

त्यामुळे आता माझी पद्धत अशी झालीये की वळण पायाने सुरू करायचं. आधी रडर (शेपटीवरचं, पायाने चालणारं सुकाणू) थोडासा, नाक फिरायला लागलं की बाहेरचा पंख आपोआप वर येतो कारण तो जास्त वेगाने चालतोय, आणि मग स्टिक फक्त झुकाव सांभाळायला. झुकाव अगदी कमी ठेवायचा, १० अंशाच्या आसपास, त्यापुढे गेलं तर तेवढी ताकदच नाहीये या इंजिनात. थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा) जवळपास कायम पूर्ण असतो आणि तरी वेग जेमतेम ७०-७५ किमी, म्हणजे सर्वात जास्त वेग आणि स्टॉल (फार हळू झाल्यावर पंखांची उचल सुटणं) यांच्यात फारच थोडी जागा उरते. हळू असताना एखादा पंख पडला आणि तो स्टिकने उचलायला गेलं तर तोच पंख आधी स्टॉल होतो!! तिथे पण उपाय रडरच, आणि नाक किंचित खाली.

सेटिंग्जबद्दल विचारत होते काही जण. ऑटो रडर (सिम स्वतःच रडर हलवतं ती सोय) आधी बंद करा, ते चालू असेल तर या विमानात उडवण्यासारखं काही उरतच नाही. रोल ॲक्सिसचा कर्व्ह (स्टिक किती हलवली की विमान किती झुकेल ते ठरवणारं सेटिंग) मधल्या भागात बराच मऊ केलाय, रडरचा मात्र जवळपास सरळ ठेवलाय कारण तिथे पायाला लगेच उत्तर मिळायला हवं. ब्रेक काढून टाकलेत, मूळ विमानालाही नव्हते. स्क्रीनवरचे वेग-उंचीचे आकडे पण बंद, आता वेग वाऱ्याच्या आवाजावरून ओळखतो आणि इंजिनचा सूर बदलला की नाक वर चाललंय हे कळतं. हे शिकायला वेळ लागतो पण मला तरी हाच सर्वात सुंदर भाग वाटतो, प्लीज आकडे बंद करून बघाच.

उतरताना एक काळजी घ्या. याची शेपटी पण लिफ्ट (वर उचलणारा जोर) देते, त्यामुळे डाइव्हमध्ये, म्हणजे नाक खाली करून उतरताना, वेग वाढला की शेपटी वर उचलली जाते आणि नाक आणखी खाली जायला बघतं. म्हणून लांबून, उथळ उतरायचं. पुढची चाकं मात्र काय सुंदर डिझाइन केलीयेत, ती डावी-उजवीकडे मोकळी वळतात, त्यामुळे क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) विमान थोडं तिरकं टेकलं तरी चालतं, १९०९ मध्ये हे सुचलं होतं!

आता पुढचं टार्गेट अर्थातच फ्रान्स आणि इंग्लंडमधली इंग्लिश खाडी. २५ जुलै १९०९ ला लुई ब्लेरिओने कॅलेजवळून पहाटे उड्डाण केलं आणि साधारण ३७ मिनिटांत डोव्हरला उतरला, डेली मेलचं १००० पौंडांचं बक्षीस जिंकलं. जवळ कंपास नव्हता. सोबतीला एस्कोपेट नावाची फ्रेंच युद्धनौका होती पण ती मागे पडली आणि मग काही मिनिटं त्याला ना जहाज दिसत होतं ना किनारा, खाली फक्त पाणी. वाऱ्याने त्याला डोव्हरच्या पूर्वेला ढकललं होतं, तिथून तो किनाऱ्याच्या कडेने मागे आला. त्याच्या सहाच दिवस आधी हीच खाडी ओलांडायला निघालेल्या ह्यूबर्ट लॅथमचं आंत्वानेत विमान इंजिन बंद पडून समुद्रात उतरलं होतं, हे माहीत असूनही हा माणूस निघाला, आणि पायाला भाजलेलं होतं ते वेगळंच. रडर पायाने चालणाऱ्या विमानात!

मी पण तसंच करणार, मॅप बंद, कंपास नाही, निघताना सूर्य मागे उजवीकडे कुठे आहे ते बघून ठेवायचं आणि तेवढ्यावर दिशा धरायची. शांत हवेत किनाऱ्यालगत लांबचा पल्ला मारून झालाय, विमान तेवढा वेळ हातात राहतंय. आता नैऋत्येचा हलका वारा लावून आधी समुद्रावर थोडं आत जाऊन परत येणार, विमान किती वाहवतं ते कळलं की मग पूर्ण खाडी. कोणी हा रूट कंपासशिवाय केला असेल तर वाऱ्यासाठी नाक किती डावीकडे ठेवलं होतं ते नक्की सांगा.