चकती उलटी बसवली तेव्हा

शाळेच्या महोत्सवाची निमंत्रणपत्रिका हातात पडली आणि कानात वाजला तो आमच्या ‘कडकट्ट’ सरांचा बझर. शाळेबद्दल बाकीचे लिहितीलच, मी फक्त सरांबद्दल लिहिणार.

आम्हा स्काउटच्या पोरांना मोर्स, म्हणजे ठिपक्या-रेघांची तारेची लिपी, शिकवायचं सरांनी मनावर घेतलं. यंत्राला पैसे कुठले? तेलाच्या डब्याचा पत्रा उलगडून त्यांनी ३० सेंटिमीटर व्यासाची चकती कापली. आस आणि हँडल उद्यमनगरातून करून आणलं. चकतीचा घेर ९४ सेंटिमीटर. आणि इंग्रजी स्पेलिंगचं ‘कोल्हापूर’ मोर्समध्ये मांडलं तर शेवटच्या मोकळ्या जागेसकट बरोबर ९४ मात्रांचं! मात्रा म्हणजे एका ठिपक्याएवढं माप. ठिपक्याला १ सेंटिमीटरचा दाता, रेघेला ३ चा. दोन अक्षरांत ३ सोडायचे, शब्द संपला की ७. शाळेच्या जुन्या विजेच्या घंटेची वाटी काढून टाकली, झाला बझर. हँडल फिरवलं की पितळी पट्टी दात्यांवरून घासत जायची, दात्याला टेकली की बझर वाजायचा. मिनिटाला साडेसहा फेऱ्यांच्या आतबाहेर म्हणजे १२ शब्दांचा वेग, कारण वेग मोजताना ५० मात्रांचा एक शब्द धरतात. फिरवणाऱ्याचा हात दमला तर तार रेंगाळायची, पण ठिपक्या-रेघेचं माप ढळत नसे.

आठवड्यात आम्ही तयार झालो, असं आम्हाला वाटलं. एका शनिवारी सरांनी बझर वाजवला. मी पहिली चार अक्षरं वाजायच्या आत ‘कोल्हापूर’ लिहून हात वर केला. सर जवळ आले.

“काय लिवलंस रं?”

“कोल्हापूर, सर.”

“मी कोल्हापूर वाजवलंच न्हाई.”

चकती त्यांनी आसावर उलटी बसवली होती! त्यामुळं सगळं शेवटाकडून वाजलं: आर, डी, पी, एन, एच, एफ, ओ, के. यू उलटा झाला की डी, ए चा एन, एल चा एफ. आर, पी, एच, ओ, के मात्र जसेच्या तसे. वर्गातल्या एकाही वहीत हे नव्हतं. सर ओरडले नाहीत, हँडल माझ्या हातात देऊन म्हणाले, “आता तू फिरव, मी ऐकतो.” माझे कान अजून गरम होतात.

पुढं तार खात्यात लागलो ते त्या कानांच्या जोरावर. टेलिप्रिंटर आले, संगणक आले, माझी ‘की’, म्हणजे तार ठोकायचा खटका, कपाटात गेली. १४ जुलै २०१३ ला तार घेणं बंद होणार म्हणून मुद्दाम शेवटची तार करायला गेलो. कोणाला करणार? सर तोवर गेले होते. स्वतःच्याच पत्त्यावर केली.

शाळेच्या प्रयोगशाळेत चकती ठेवायच्या कपाटाच्या जागी आता संगणक आहेत असं कळलं. चकती कुणाच्या माळ्यावर पडली असेल तर महोत्सवाला घेऊन या. नसेल तर पत्रा तेवढा आणून ठेवा, ९४ भाग मी पाडून देतो.