मनगटावरचं शालिमार

निवृत्तीला साडी नको, असं मीच लेकीला सांगून बसले होते. ती पुण्याहून म्हणाली, "मग गेर्लांचं शालिमार घेते तुला, ते फ्रेंच सेंट." किंमत ऐकली आणि म्हटलं, बाई गं, थांब. एवढ्यात इथे इंदूरला सियागंज बाजारातून महिन्याचा किराणा येतो. आधी अंगावर लावून बघते, मग बोल.

तशी ही परीक्षा आपल्याला नवी नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर अत्तराचं बोट फिरतं आणि आंबेडाळ संपेपर्यंत आपण तो हात दहादा नाकाशी नेतो. पण जुन्या पद्धतीचं अत्तर चंदनाच्या तेलात मुरलेलं असतं, ते सावकाश उठतं. हे अल्कोहोलमधलं. आल्या आल्या एक बोलतं, तासाभराने भलतंच.

पहिली फेरी एका मॉलमधल्या दुकानात. तिथल्या मुलीने कागदाच्या पट्टीवर फवारा मारला. त्याआधी चार पट्ट्या हुंगून माझं नाक बधिर झालेलं. तिने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. मला तिचा काडीचा उपयोग झाला नाही, पाच वासांत सहावा मिसळला एवढंच. बाहेर येऊन स्वतःच्या पदरात नाक खुपसलं तेव्हा कुठे ते ठिकाणावर आलं. पट्टी पर्समध्ये टाकली, संध्याकाळी काढली तर वास जेमतेम. लेकीला कळवून टाकलं, "पाणी आहे नुसतं, नको."

तिने ऐकलं नाही, दोन मिलीचं सॅम्पल पाठवलं. त्याच्यावर 'ओ द पर्फ्यूम' लिहिलेलं. पट्टी परत काढून बघितली, तर कडेला पेनाने 'ईडीटी', म्हणजे ओ द त्वालेत. नाव एक, पण वस्तू दोन! साधारणपणे ओ द पर्फ्यूममध्ये सुगंधी अर्काचं प्रमाण पंधरा ते वीस टक्के, त्वालेतमध्ये त्याहून कमी. आणि नुसतं पातळ केलेलं असतं असंही नाही, घडणही थोडी बदलतात. म्हणजे मी नापास केलं होतं ते दुसऱ्याच कुणाला.

मग नीट बसले. एप्रिल महिना, इंदूरची कोरडी हवा, माझी कातडी पापडासारखी. कोरड्या कातडीवर वास टिकत नाही म्हणून एका कोपराच्या आत बिनवासाची पेट्रोलियम जेली चोळली, दुसरा तसाच ठेवला. सकाळी आठ वाजता दोन्हीकडे एकेक फवारा. मनगटावर मनगट घासायची आपली सवय असते, ती मोडली. घासल्याने वरचा हलका वास लवकर उडतो, आणि मला तोच तर बघायचा होता.

सुरुवात बर्गामोटची, म्हणजे इटलीतल्या त्या कडसर लिंबाची. लेकीला काळजी, उन्हात डाग पडतील का. कच्च्या बर्गामोट तेलातल्या बर्गाप्टेनमुळे तसं होतं खरं; सुगंधात हल्ली ते काढून टाकलेलं तेल घालतात. तरी मी बाही खाली ओढूनच गच्चीवर गेले.

वीस मिनिटांत लिंबू गेलं आणि खालून जे आलं ते मला अजिबात आवडलं नाही. चामड्याची नवी पर्स, थोडा धूर, थोडं औषध. इथेच मी पुन्हा 'नको' म्हणणार होते. दहाच्या सुमाराला मात्र तो धूर पावडरीसारखा मऊ झाला, आणि दुपारी बारानंतर व्हॅनिला वर आला. नुसता गोड नाही, धुरकट गोड. १९२५ मध्ये जाक गेर्लांनी हे बाजारात आणलं, तेव्हा त्यात एथिल व्हॅनिलिन सढळ हाताने घातलं होतं. साध्या व्हॅनिलिनपेक्षा ते दुप्पट-तिप्पट तीव्र.

दोनला मला वाटलं, संपलं. जेली नसलेला कोपर तर रिकामाच. तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "देवघरात आत्ता धूप कोणी लावला?" वास गेला नव्हता, माझं नाक त्याला सरावलं होतं. तेव्हापासून स्वतःवर विश्वास ठेवला नाही, दर तासाला सासूबाईंपुढे हात. जेलीच्या कोपराने त्यांच्याकडून संध्याकाळी सहापर्यंत होकार मिळवला, कोरड्याने तीनपर्यंत. वन्सं आल्या होत्या, त्यांच्या तेलकट मनगटावर एक थेंब टाकला, तर चामडं फारसं जाणवलंच नाही, सरळ खीर. माझ्यावर जे दोन तास छळत होतं ते त्यांच्यावर पाहुण्यासारखं येऊन गेलं.

या अत्तराची जी गोष्ट सांगतात, की शहाजहान-मुमताजचं प्रेम शालिमार बागेत फुललं, तिची मला गंमत वाटते. लाहोरच्या शालिमार बागेचं काम सुरू झालं १६४१ मध्ये, आणि मुमताज गेली होती दहा वर्षं आधी, तेही आपल्या बुऱ्हाणपुरात, इथून तीन-चार तासांवर. काश्मीरची शालिमार जहांगीरची, तिच्याबद्दल म्हणत असतील तर ठीक.

चुका दोन झाल्या. एका रात्री तेच लावून सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेले. जलेबीच्या कढईसमोर माझा वास कुठला आणि पाकाचा कुठला, कळेना, ह्यांनी तर सरळ विचारलं, "तू काय खाऊन आलीस?" दुसरी चूक महागात पडली. मोतिया रंगाच्या चंदेरीच्या पदरावर फवारा मारला. वास तिसऱ्या दिवशीही होता, पण सोबत पिवळट डागही. व्हॅनिलिन काळाबरोबर तांबूस पडतं, शिवाय हे सेंट मुळातच पिवळसर, हे आधी सुचायला हवं होतं.

लेकीला शेवटी सांगितलं, सगळ्यांत लहान बाटली आण, ओ द पर्फ्यूमच, आणि दिवाळीला आण, आत्ता नको. उन्हाळ्यात दुपारी ते माझ्याच डोक्यावर बसतं. पावसाळी हवेत एकदा बघायचं राहिलंय. सॅम्पलच्या तळाशी अजून तीनेक फवारे असतील, ते मी कपाटात अंधाऱ्या कप्प्यात ठेवलेत. सासूबाईंना तो कप्पा सांगितलेला नाही.