चौथी ऑर्लँडो खेप आणि आप्पांची स्कूटर

सकाळचे सव्वानऊ वाजले होते. ऑर्लँडोजवळच्या किसिमीतल्या भाड्याच्या घरात माझे सासरे, आप्पा, बूट-मोजे चढवून, टोपी घालून दाराशी खुर्ची ओढून बसले होते. डिस्ने वर्ल्डमध्ये फिरायला त्यांच्यासाठी भाड्याने मागवलेली, सात ते नऊच्या दरम्यान येणार म्हणून सांगितलेली स्कूटर आलेली नव्हती. डिसेंबर २०२४ मधली ही गोष्ट. त्या सकाळचा राग अजून मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि डिस्ने वर्ल्डची ही आमची चौथी खेप. २०१३ मध्ये मुलगी चार वर्षांची होती. २०१७ मध्ये मुलगा पावणेतीनचा होता, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. २०१९ मध्ये तिथल्या अ‍ॅनिमल किंगडम पार्कातल्या एव्हरेस्ट या रोलर कोस्टरपाशी उंची मोजली, तर त्याला ४४ इंच गाठायला थोडं कमी पडलं आणि तो तिथेच रडत बसला. या वेळी मुलगी १५ वर्षांची होती आणि मुलगा दहाला दोन महिने कमी. दहावं लागलं की मोठ्यांचं तिकीट काढावं लागतं, त्यामुळे तारीख मुद्दाम त्याच्या वाढदिवसाआधीची धरली. शिवाय नाशिकहून आप्पा आणि सासूबाई आले होते. आप्पांना ७६ पूर्ण.

प्रश्न त्यांच्या गुडघ्यांचा होता. आधीच्या खेपांना माझ्या फोनवर दिवसाला दहा-दहा किलोमीटर चालणं दिसायचं. व्हीलचेअरचं नाव काढलं तर, "मला काय धाड भरलीय?" म्हणाले. विषय संपला. बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरबद्दल सांगितलं तेव्हा मात्र एवढंच विचारलं, "हँडल माझ्या हातात ना?" ज्या माणसाने बावीस वर्षं चेतक चालवली, त्याला मागून कुणी ढकलत नेणं का नको वाटतं, हे मला तेव्हा नीट कळलं.

स्कूटर पार्कमध्येही भाड्याने मिळते. पण तिची आधी नोंदणी करता येत नाही, जो आधी पोचेल त्याला मिळते आणि पार्कबाहेर नेता येत नाही. मॅजिक किंगडम या पार्कला तर गाडी लावल्यावर मोनोरेल किंवा बोटीने पलीकडे जायचं, मग दार. स्कूटर हातात येईपर्यंतच आप्पांचे गुडघे बोलायला लागले असते. म्हणून बाहेरच्या एका दुकानातून आठवड्याभरासाठी घेतली. तिचे भाग सुटे होतात आणि गाडीच्या डिकीत मावतात. घरपोच देणार, पण ज्याच्या कार्डावरून पैसे भरले त्यानेच समोर सही करायची, अशी अट होती. कार्ड माझं होतं.

म्हणून मला घर सोडता येईना. साडेनऊला फोन केला, "ड्रायव्हर निघालाय." सव्वादहाला केला, तेच उत्तर. अकराला दुसरंच कुणी बोललं आणि पुन्हा पहिल्यापासून पत्ता विचारला. तीन दिवस आधी सकाळी सातला उठून मी लायटनिंग लेनचे, म्हणजे जादा पैसे भरून छोट्या रांगेतून आत जायचे, तीन खेळांचे ठरावीक वेळचे प्रवेश मिळवले होते, त्यातली जंगल क्रूझ या होडीच्या फेरीची नऊ चाळीसची वेळ डोळ्यांदेखत निघून चालली होती. नवरा म्हणाला, मी मुलांना घेऊन पुढे होतो. धाकटा हटून बसला, आजोबांशिवाय जाणार नाही. सासूबाईंनी दुपारसाठी बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उघडून तिथेच ताटं वाढली.

आणि मग आप्पांनी टोपी काढली. म्हणाले, "तू जा पोरांना घेऊन. मी बसतो टीव्ही बघत. माझ्यापायी कशाला सगळ्यांचा खोळंबा?" चार तास उशीर झाला याचं मला एवढं वाटत नाही. सहा महिने गोडीगुलाबीने तयार केलेला माणूस त्या चार तासांत स्वतःला ओझं समजायला लागला, त्याचं वाटतं.

स्कूटर आली बारा चाळीसला, बॅटरी अर्धी आणि चार्जर नाही. "उद्या आणून देतो." तेव्हा माझा आवाज चढला, आणि चार्जर त्याच संध्याकाळी आला. त्या दिवसाचं भाडं परत मिळवायला तीन ईमेल लिहावे लागले. लिहिले, आणि मिळवलं.

तेव्हा, स्कूटर आदल्या संध्याकाळीच मागवा. सकाळची वेळ स्वीकारूच नका. करारावर दोघांची नावं घाला म्हणजे कुणीही सही करू शकेल. चार्जर सोबत येणार हे लेखी घ्या. लायटनिंग लेनची वेळ हुकणार असं दिसलं की लगेच अ‍ॅपमध्ये बदला; मी उशिरा का होईना बदलली आणि जंगल क्रूझ तीन वीसला मिळाली. स्कूटर असली म्हणजे रांग चुकते असं मात्र नाही, बहुतेक ठिकाणी सगळ्यांबरोबरच रांगेतून जायचं असतं. हे आप्पांना आवडलं.

त्यांना सगळ्यात काय आवडेल याचे माझे अंदाज चुकले. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस हा १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यातून आलेला खेळ. त्यात प्रेक्षकांसकट थिएटर फिरतं, वीसेक मिनिटं गारव्यात बसायला मिळतं. मुलं तिथे कधी टिकली नव्हती, आप्पा दोनदा बसले. एपकॉट या पार्कात लिव्हिंग विथ द लँडची होडी हरितगृहांमधून जाते. मातीविना वाढवलेली रोपं आणि वर चढवलेले टोमॅटोचे वेल बघून ते बाहेर आल्यावर तासभर ठिबकबद्दल बोलत होते.

मुलीचं सांगायचं राहिलंच. चौदाखालच्या मुलांसोबत पार्कमध्ये चौदा किंवा त्याहून मोठं कुणीतरी लागतं. ती पंधराची, म्हणजे भावाला घेऊन ती आत जाऊ शकते! अ‍ॅनिमल किंगडमला आम्ही दोघांना उघडायच्या वेळी सोडलं आणि स्वतः अकराला गेलो. एव्हरेस्टवर त्या वेळपर्यंत त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. ज्या मुलीला एरवी मी कुठे सोबत आलेली नको असते, तीच भावाची उंची भरली हे मी विचारायच्या आधी मला सांगत आली.

खाण्याचे डबे आत नेता येतात, काचेची भांडी तेवढी नकोत.

आणखी एक. स्कूटरच्या वेगाच्या बटणावर एका बाजूला कासव आणि दुसऱ्या बाजूला ससा असतो. आतषबाजी संपल्यावर गर्दी एकदम दाराकडे लोटते, तेव्हा कासवावरच ठेवा आणि घरातल्या एकाने पुढे चालत वाट करा. शेवटच्या रात्री मी पुढे होते. मागून आप्पा हॉर्न वाजवत होते, नाशिकला चेतक दारात आली की वाजवायचे तसा, दोनदा.